त्रिशूळ सरळच होता

फिलो,

परवा तू गेल्याला महिना झाला म्हणून ठेवलेल्या मिस्सेला गेले होते. मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात चहा होता, केक होता आणि तुझ्याबद्दल बोलणारी माणसं होती. सगळे एकच सांगत होते. किती धीराची बाई, शेवटपर्यंत हसतमुख, एकदा म्हणून घाबरली नाही. तुझ्या वसईच्या मावसबहिणीने तर माझा हात धरून सांगितलं, की असं शांत मरण सगळ्यांना यावं. मी मान डोलावली. तोंडात केक होता म्हणून बरं, नाहीतर काय बोलून गेले असते देव जाणे.

तू घाबरली होतीस. इतकी, की माझ्या मनगटावर तुझ्या बोटांचे वळ उठायचे. घरच्यांसमोर तू विनोद करायचीस आणि भीती सगळी माझ्यासाठी राखून ठेवायचीस. मी किती घाबरले होते तेही फक्त तुलाच ठाऊक. आता तूच नाहीस. ही भीती खरी होती, आपण दोघी तिच्यात एवढे महिने राहिलो, हे सांगायला कोणी उरलं नाही. म्हणून तुलाच लिहिते आहे.

कचेरीत आपण शेजारी शेजारी बसलो त्याला किती वर्षं झाली, मोजायला नको. तू टायपिंगच्या विभागात आलेल्या प्रत्येक कागदातली चूक काढायचीस. साहेबांच्या मजकुरातलीसुद्धा. निवृत्त झाल्यावर काय करायचं याचे आपले बेत असायचे. तू म्हणायचीस पोहायला शिकू. मी म्हणायचे, लालबागकरांनी मला पोहायच्या कपड्यांत पाहिलं तर घर विकून जावं लागेल. मग निवृत्तीनंतर वर्षभरातच माझे मिस्टर गेले आणि बेत राहिले तिथेच. मी दिवसदिवस टीव्ही लावून त्याच्याकडे पाठ करून बसायचे. तू फोन करून म्हणालीस, "मंदे, बुधवारी ये. काम आहे." काम काहीच नव्हतं हे मला माहीत होतं. तरी आले.

पण त्याच सुमारास काम निघालं. तुमच्या वाडीतल्या घराची लाकडी जमीन दुरुस्तीला काढली होती आणि आल्तारखालच्या, म्हणजे तुमच्या देव्हाऱ्याखालच्या, कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा बाहेर आला. तुझे एक काका, जो नावाचे, बोटीवर आचारी होते. इंग्लंडच्या बंदरांत खिशात उरलेल्या पेनी ते घरी आले की या डब्यात टाकायचे. आपल्या जुन्या ढब्बू पैशासारखी मोठी, जड, काळपट पडलेली नाणी. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला बसलेली एक बाई. तिच्या हातात त्रिशूळ आणि बाजूला ढाल. मी म्हटलं, ही तर आमची देवीच झाली. तू म्हणालीस, देवी असती तर पाठीमागे सिंह असता, ही बघ, एकटीच बसली आहे समुद्राकडे बघत, रिटायर झाल्यासारखी.

प्रेसी वहिनीने, म्हणजे तुझ्या भावाच्या बायकोने, चांगल्या मनाने त्यातली मूठभर नाणी चिंच लावून कळशीसारखी घासली आणि खिडकीत उन्हात ठेवली. ती लखलखीत नाणी घेऊन आपण दादरला गेलो. जुनी नाणी जमवणारी मंडळी महिन्यातून एकदा तिथे एका हॉलमध्ये भेटतात हे तू कुठूनतरी शोधून काढलं होतंस. तिथे ते करंदीकर भेटले. उंच, किडकिडीत, आयुष्यभर नाण्यांच्या नादी लागलेला माणूस. त्यांनी आपली नाणी पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, ह्यांना आंघोळ कोणी घातली?"

घासलेल्या नाण्याला जमवणारे हात लावत नाहीत हे आपल्याला तेव्हा कळलं. पण डब्यात न घासलेली बरीच होती. करंदीकरांनी एक जुनी पेनी हातात देऊन सांगितलं की नाण्यावरच्या चुका ओळखायला शिका, त्यात खरी मजा आहे. टांकसाळीत ज्या ठशाने नाणं पाडतात त्या ठशाला तडा गेला, तर दाबाखाली धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर बारीक रेघ वर उठते. नंतर कोणाच्या हातून ओरखडा पडला तर तो आत जातो. नवशिक्या माणसाला प्रत्येक ओरखडा टांकसाळीची चूक वाटतो. "नखाने बघा," ते म्हणाले. "वर की आत."

तू झवेरी बाजारातून सोनाराचं भिंग आणलंस. उजव्या डोळ्याला लावायचीस आणि डावा मिटून घ्यायचीस. दर बुधवारी दुपारी खिडकीपाशी टेबल, त्यावर पांढरा टर्किश टॉवेल, नाणं पडलं तर आपटू नये म्हणून. मला नाण्यांत फारसं काही कळत नव्हतं. मी घावणे करून आणायचे, तू ते खायचीस आणि हात धुऊन परत नाण्याला लागायचीस. टीव्हीकडे पाठ करून बसण्यापेक्षा ते बरं होतं. ते फारच बरं होतं, फिलो. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

पहिली खरी चूक तुला मिळाली ती अजून आठवते. बसलेल्या बाईच्या मागे, मोकळ्या जागेत, एक पुसटशी कड दिसत होती. तू नाणं उजेडात कलतं केलंस. ती राजाच्या डोक्याची कड होती. दुसऱ्या बाजूचं डोकं या बाजूला उमटलं होतं. तू छातीवर क्रॉसची खूण केलीस आणि म्हणालीस, भूत आहे. करंदीकरांना दाखवलं तर ते हसले. म्हणाले, याला तिकडचे लोकही भूतच म्हणतात. राजाचा मुखवटा एवढा खोल कोरला होता की छापताना धातू तिकडे ओढला जायचा आणि मागे सावली राहायची. पुष्कळ नाण्यांवर सापडते. पण तुझा आनंद कमी झाला नाही. घरी येताना टॅक्सीत तू ते भूत मला तीनदा दाखवलंस आणि टॅक्सीवाल्याला एकदा.

मग तो त्रिशूळ.

तू फोनवरच सांगितलंस की असलं काही अजून कोणाकडे नसणार. मी आले तर तू टेबलाशी उभीच होतीस. "बाईचा त्रिशूळ बघ. दांडा मधेच वाकलाय." मी भिंग लावलं. दांडा सरळ होता. मी तसं म्हटलं. तू म्हणालीस, तुला बघायला येत नाही, डोळ्याजवळ धर. डोळ्याजवळ धरलं. सरळच होता. तू माझ्या हातातून नाणं काढून घेतलंस आणि तो विषय सोडलास, पण त्या दुपारी घावणे तसेच राहिले.

पुढल्या बुधवारी तुझ्याकडे वाकड्या त्रिशुळाचं दुसरं नाणं होतं. त्याच्या पुढच्या बुधवारी आणखी काही. तुझी खात्री होती की एकाच खराब ठशाची ही सगळी नाणी जो काकांनी नकळत आणली आहेत. तू रात्री झोपत नव्हतीस. तुझे गाल लाल झाले होते, बोलणं भरभर होत होतं, आणि मला कशाची तरी भीती वाटायला लागली होती. कशाची ते कळत नव्हतं. मला वाटलं तुझं डोकं फिरतंय. माझ्या मावशीला म्हातारपणी नसलेली माणसं दिसायची, तसं काही सुरू झालं की काय असं वाटलं. मी नुसती हो हो म्हणायला लागले.

दादरच्या बैठकीत करंदीकरांनी ती नाणी एकेक करून पाहिली. "सरळ आहे, बाई. सगळ्यांचे सरळ आहेत." तू तिथून उठलीस. बाहेर फुटपाथवर आल्यावर मला म्हणालीस, त्यांना दिसतंय, सांगायचं नाही एवढंच. त्या दिवशी तू माझ्याशीही नीट बोलली नाहीस. मी लालबागला उतरले तेव्हा तू टॅक्सीतून हात हलवला नाहीस.

त्यानंतरच्या बुधवारी मी यायचंच नाही असं ठरवलं होतं. पण आले. भांडण लांबवायची आपली सवय नव्हती. तू खिडकीपाशी बसली होतीस, भिंग डोळ्याला लावून. ऊन टॉवेलवर पडलं होतं. तू मला शेजारी बसायला सांगितलंस आणि बघत बघत बोलायला लागलीस. दांडा इथे वाकतो, मधल्या भागात, बघ. मग ढाल नीट दिसावी म्हणून तू नाणं बोटांत फिरवलंस. आडवं केलंस.

आणि थांबलीस.

नाणं फिरलं होतं, पण वाक फिरला नव्हता. तो होता तिथेच राहिला होता. आता त्रिशूळ सरळ झाला होता आणि वाकली होती ढालीची कड. तू नाणं आणखी फिरवलंस. मग त्या वाकड्या जागी 'वन पेनी'ची अक्षरं आली आणि ती वाकली. हे सगळं तू मला नंतर सांगितलंस. त्या वेळी मला एवढंच दिसलं की तू नाणं खाली ठेवलंस, पदराने भिंग पुसलंस, परत बघितलंस. भिंग डाव्या डोळ्याला लावलंस. परत उजव्या. मग भिंगही खाली ठेवलंस. डावा डोळा हाताने झाकलास आणि खिडकीकडे बघत राहिलीस.

"मंदे," तू म्हणालीस, "गज वाकडे आहेत का गं?"

खिडकीचे गज सरळ होते. तुझ्या आजोबांच्या वेळचे, जाड, रंगाची पुटं चढलेले, सरळ गज. तू वळून माझ्याकडे बघितलंस, तसाच एक डोळा झाकलेला, आणि माझ्या चेहऱ्यावरून तुला कळलं.

त्यानंतर तू डॉक्टरकडे जायचं नाही म्हणालीस. चष्म्याचा नंबर वाढला असेल. मोतीबिंदू असेल. भाचीच्या मुलीचा चर्चमधला पहिल्या कम्युनियनचा समारंभ होऊ दे, मग बघू. मी तुझ्याशी भांडले, प्रेसी वहिनीला सांगायची धमकी दिली, शेवटी खोटं बोलले की माझेच डोळे दाखवायचे आहेत, सोबत चल. तुला ते खोटं आहे हे माहीत होतं. तू पर्स घेतलीस आणि निघालीस.

परळच्या त्या दवाखान्यात डॉक्टर तरुण मुलगी होती. हसरी. तिने तुझ्या हातात चौकटी आखलेला कागद दिला, एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं आणि विचारलं, रेघा कुठे वाकतात. तू बोट ठेवलंस. मग डोळ्यांत थेंब घातले, अंधार केला, आणि ती दिवा लावून तुझ्या उजव्या डोळ्यात बघायला लागली. वर बघा. खाली बघा. नाकाकडे बघा. मी कोपऱ्यात बसले होते. ती हसायची थांबली तो क्षण मला दिसला. मग ती म्हणाली, एक मिनिट, आणि बाहेर जाऊन मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली. दोघांनी आळीपाळीने बघितलं आणि एकमेकांकडे बघितलं नाही. फिलो, मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. मिस्टर गेले तेव्हाही नाही, कारण ते झोपेतच गेले, घाबरायला वेळच मिळाला नव्हता.

उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे गाठ होती. दोन्ही डोळे उघडे असताना डावा सांभाळून घेत होता म्हणून तुला एरवी काही जाणवलं नाही, असं मोठे डॉक्टर म्हणाले. भिंग लावून एकाच डोळ्याने बघायची सवय लागली म्हणून ती उघडी पडली. पुढच्या तपासण्यांत ती लिव्हरपर्यंत पोचल्याचं निघालं. मी विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांचं ते 'सांगता येत नाही' मी अजून रोज ऐकते.

आपलं शेवटचं भांडण इथे सुरू झालं आणि ते मिटलं नाही. तू म्हणालीस, तो डबा उघडलाच नसता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, असं कसं, कळलं तरी. तू म्हणालीस, कळून काय झालं? नसतं कळलं तर आणखी काही महिने मी खुशाल केक केले असते, तुझ्याशी वाद घातला असता, आणि मग एके दिवशी गेले असते. आताही जाणारच आहे, मधले दिवस मात्र नासले. मी म्हटलं, कळलं म्हणून मी रोज येते आहे. तू म्हणालीस, तू बुधवारी येत होतीस तेच पुरेसं होतं. मला रडू आलं, तुलाही वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीस. आता मी घरात एकटीच दोन्ही बाजूंनी भांडते. कधी तुझं पटतं, कधी माझं. कळलं नसतं तर मी तुला असं ओळखलं नसतं, हे माझं म्हणणं आहे. पण ते तुझ्या जिवावर म्हणणं आहे, हेही मला कळतं.

औषधांच्या दिवसांत दवाखान्याच्या बाकावर आपण तासन्‌तास बसायचो. एकदा तू समोरच्या भिंतीकडे बघत म्हणालीस, "तुमचं बरं. जाळलं की सुटलं. मला पेटीत घालतील, झाकण लावतील आणि शिवडीला नेऊन वर माती लोटतील."

"अगो, तुला तेव्हा कळणार आहे का?"

"मला माहीत आहे ते. भीतीला माहीत नाही."

मग मी तुला सांगितलं, जे पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतं. मिस्टरांना विद्युतदाहिनीत नेलं तेव्हा ते लोखंडी दार वर गेलं, आतला आवाज आला, आणि त्या दिवसापासून इमारतीत लिफ्टचं दार उघडलं की मी जिन्याकडे वळते. तू लक्ष देऊन ऐकलंस. मग म्हणालीस, आपण असं करू, तू माझ्या पेटीत ये आणि मी तुझ्या भट्टीत येते, दोघींचीही सोय होणार नाही. आपण इतक्या हसलो की शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला. हसता हसता तू माझं मनगट धरलंस ते नंबर पुकारेपर्यंत सोडलं नाहीस.

उजवा डोळा पुढे धूसरच झाला आणि डावा औषधांनी थकायचा. तेव्हा तू मला भिंगाशी बसवलंस. मी बघायचं आणि तुला सांगायचं. मला ते नको होतं. आपल्यालाही काही वाकडं दिसलं तर, या भीतीने मी भिंग डोळ्यापर्यंत नेऊन परत खाली ठेवायचे. तू ते ओळखलंस आणि दर वेळी आधी विचारायचीस, "त्रिशूळ?" मी म्हणायचे, सरळ. मग आपण पुढे जायचो.

एकदा राजाच्या मानेपासून नाण्याच्या कडेपर्यंत केसासारखी रेघ दिसली. तुला सांगितलं. तू उशीवरून मान उचललीस.

"वर की आत?"

"वर आहे, फिलो."

"नखाने बघितलंस?"

मी परत नखाने बघितलं. वर होती. तू करंदीकरांना फोन करायला लावलास, आणि ते दादरहून आले, तुमच्या त्या अरुंद जिन्यावरून कठडा धरत चढले. त्यांनी नाणं बघितलं आणि म्हणाले, ठशाचा तडा, शंभर टक्के. अशी पुष्कळ असतात, फार दुर्मिळ नाही, पण पहिल्यांदाच भिंग हातात धरणाऱ्या बाईने शोधली हे विशेष. तू माझ्याकडे असं बघितलंस जसं कोणी परीक्षेत पास झालेल्या मुलीकडे बघतं. मग करंदीकरांनी चहाचा कप तसाच ठेवला. म्हणाले, "त्या दिवशी मी नुसतं सरळ आहे म्हणालो. डोळे दाखवा म्हणायला हवं होतं." तू म्हणालीस, "तुम्हाला नाणं दाखवलं होतं, डोळे नाही. नाण्याचं तुम्ही बरोबरच सांगितलंत." ते खाली मान घालून जिना उतरले.

आता माझं ऐक. तू गेल्यापासून मी रोज सकाळी चहाच्या आधी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहते. समोर नवा टॉवर आहे, मिलची चिमणी होती त्या जागी. मी एक डोळा झाकून त्याच्या गॅलऱ्यांच्या रेघा बघते. मग दुसरा झाकून. सरळ असतात. तरी कपडे वाळत घालताना परत बघते. दुपारी परत. परळच्या त्याच मुलीकडे जाऊन थेंब घालून आले. तिने मला ओळखलं, जरा जास्तच वेळ बघितलं आणि सांगितलं की मोतीबिंदूची सुरुवात आहे, बाकी काही नाही. मला खरं वाटलं नाही. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, आई, डॉक्टर बघून म्हणाली ना, मग झालं. त्याचंही बरोबर आहे. प्रेसी वहिनीने नाणी मला दिली आहेत, भिंगासकट. कपाटावर आहेत. अजून उघडली नाहीत. एक दिवस उघडीन, पण तो दिवस मी ठरवलेला नाही.

तू गेलीस त्या सकाळी मी माझ्या घरी होते. तुझ्या भावाचा फोन आला. तू झोपेत गेलीस असं तो म्हणाला, आणि तसंच असेल. मला सांगायची आहे ती आदल्या दिवशीची दुपार. ती कोणालाच सांगितलेली नाही.

सकाळी फादर येऊन शेवटच्या संस्काराचं तेल लावून गेले होते. सगळे पलंगाभोवती उभे होते आणि तू प्रत्येकाशी हसून बोललीस. भावाला न्हाणीघराचा नळ बदलायला सांगितलंस. वहिनीला म्हणालीस, चिंचेने काही घासू नकोस. सगळे डोळे पुसत हसले. मग जेवणाची वेळ झाली आणि ते आतल्या खोलीत गेले. मी स्टुलावर बसून राहिले. आतून ताटांचे आवाज येत होते, खाली वाडीत कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. तू डोळे उघडलेस.

"कोण?"

"मंदा."

"दार लाव."

मी दार लोटून आले. तुझा चेहरा बदलला होता. सकाळी सगळ्यांना दाखवलेलं काहीच त्यावर उरलं नव्हतं. "मंदे," तू म्हणालीस, "मला खूप भीती वाटते गं."

अशा वेळी काय बोलायचं हे मी तयार करून ठेवलं होतं. येशू आहे ना, आम्ही सगळे आहोत, त्रास होणार नाही असं डॉक्टर म्हणालेत.

"मला पण," मी म्हणाले.

माझे गुडघे असे हलत होते की स्टुलाचा पाय जमिनीवर टकटक वाजायला लागला. मी दोन्ही हातांनी गुडघे दाबले, तरी थांबेना. तू तो आवाज ऐकत होतीस. कितीतरी दिवस तुला कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागत होती, आणि तू कोपर टेकलंस. मी नको नको म्हणत उठले, पण तू ऐकलं नाहीस. श्वास घेत, थांबत, पुन्हा श्वास घेत तू भिंतीकडे सरकत गेलीस, आणि रिकाम्या झालेल्या पट्टीवर हात थोपटलास.

"ये."

मी चपला काढून तुझ्या शेजारी आडवी झाले. पलंग एका माणसापुरता होता. तुझ्या खांद्याचं हाड मला लागत होतं आणि मी अर्धी बाहेर होते. दोघी वर छताकडे बघत होतो. मग मला जाणवलं की तू पलीकडचा हात माझ्या अंगावरून आणून माझा पदर मुठीत धरला आहेस, मी खाली पडू नये म्हणून.